तीन सुमन

कोळसा आणि भोपळ्याचा पाला एकत्र वाटला की एक हिरवट, कडवट गंध दरवळतो. तो तुम्ही कधी घेतला आहे का? मी घेतला तो आईच्या आठवणींतूनच. रत्नागिरीच्या मिशन शाळेत दर शनिवारी मुलींनी पाळीपाळीने त्या वाटणाने फळा काळा करायचा, आणि त्या पाळीतून कुणाचीच लेक सुटत नसे. बागायतदाराचीही नाही आणि आमच्या वाडीतलीही नाही.

आमची घरं धम्मात येण्याआधीचे ते दिवस. गावच्या शाळेत आई वर्गाबाहेर पडवीत बसे, आणि हजेरीत तिचं नाव सर्वांत शेवटी, जातीसकट पुकारलं जाई. मिशनच्या मडमेने मात्र पहिल्याच दिवशी तिला नुसतं ‘सुमन’ म्हटलं. तिथे आडनाव विचारायचं नाही, लिहायचंही नाही, असा रिवाजच होता. ‘‘त्या दिवशी माझं नाव पहिल्यांदा एकटं चाललं गो,’’ आई सांगायची, आणि सांगताना दर वेळी पदराने डोळे टिपायची.

गेल्या थंडीत आई गेली. तिच्या बालपणाचा एक फोटो नाही, कागदाचा कपटा नाही. शाळाही आता मुलांअभावी बंद व्हायची आहे. जुनी दप्तरं कुठल्या रद्दीत जातील कोण जाणे! म्हणून परवा भाट्याच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा अंगावर घेत, तिच्या नावावर निदान एकदा बोट ठेवावं एवढ्याच ओढीने मी तिथे गेले.

‘‘आडनाव सांगा, लगेच काढून देतो,’’ कारकून म्हणाला. आडनाव लिहीतच नसत, हे सांगून मीच पानं उलटू लागले. आईच्या वर्षाच्या हजेरीत तीन सुमन होत्या. गाव नाही, बापाचं नाव नाही, वयही तिघींचं सारखंच. यातली माझी कोणती? खरं सांगते, मला त्या मडमेचा संताप आला. एवढी चोख बाई, एक खूण ठेवायला काय झालं होतं?

मग एकेका सुमनवर बोट ठेवता ठेवता लक्षात आलं: पडवीतली सुमन कोणती आणि बागायतदाराची कोणती, हे कुणालाही ओळखता येऊ नये, यासाठीच तर तो रिवाज होता; आणि ती खूण शोधायला आज मीच आले होते, तिची पोटची मुलगी.

मी तिन्ही नावं वहीत उतरवून घेतली. बाहेर आल्यावर पाहिलं, तर जुन्या धुळीने बोटं काळी झाली होती. मी ती नाकाशी नेली. वास नुसत्या धुळीचाच होता, तरी घरी पोचेपर्यंत मी हात धुतले नाहीत.