पाचवा वैरी

तुरुंगातले कैदी हवालदाराला मध्यस्थ म्हणत. लग्नं जुळवणारा सोयरीक बघतो. हा वैर बघायचा. कोणी कोणाचा बाप मारला, कोणी कोणाची बोटं छाटली, सगळं त्याला तोंडपाठ. वैऱ्यांना एका छताखाली झोपवायचं नाही, एवढाच त्याचा कायदा. त्याच्या नोकरीत बराकीतून एकही मुडदा बाहेर गेला नव्हता.

नव्या साहेबाला त्यानेच शिकवलं होतं, "तिघं एकमेकांच्या जिवावर उठले, तरच तिसरी बराक मागायची. नाहीतर दोनात भागतं."

चौघांवर त्याची खास नजर असे. वेल्डरचं ड्रायव्हरशी वैर, ड्रायव्हरचं पहिलवानाशी, पहिलवानाचं सुताराशी. म्हणून वेल्डर आणि पहिलवान पहिल्या बराकीत, ड्रायव्हर आणि सुतार दुसऱ्या.

मग पाचवा आला. हवालदाराच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने वेल्डरच्या बापाला भोसकलं होतं आणि सुताराच्या भावाला जिवंत जाळलं होतं.

"भावोजी, खोली हवेशीर द्या हं!"

"दात काढू नकोस. पहिलीत वेल्डर आहे, दुसरीत सुतार."

मेव्हण्याचं हसू मावळलं.

हवालदाराने मनातल्या मनात सगळ्यांना फिरवून पाहिलं. सुताराला पहिलीत आणावं, तर तिथे पहिलवान. पहिलवानाला दुसरीत धाडावं, तर ड्रायव्हर. ड्रायव्हरला पहिलीत आणावं, तर वेल्डर. वैराचं कडं पुरं झालं होतं.

तो साहेबाकडे गेला. "तिसरी बराक उघडा." ती छत खचल्याने बंद होती, एकांतकोठड्याही तिच्यातच.

"कोणी तिघं एकमेकांचे वैरी आहेत?"

"तिघं नाहीत, पण..."

"नियम तुमचाच ना? मेव्हणा आला म्हणून मोडायचा?"

हवालदार माघारी फिरला. सुतार आता थकलाय, राग निवला असेल, अशी स्वतःची समजूत घालून त्याने मेव्हण्याला दुसरीत घातलं.

सकाळी नळावर सुताराने घासून टोक काढलेला चमचा मेव्हण्याच्या गळ्यात खुपसला, उपसला, पुन्हा खुपसला. हवालदाराने मधे हात घातला. तळहात आरपार फाटला. मेव्हणा त्याच्या मांडीवर पडून तोंड हलवत होता, पण हवा गळ्यातल्या भोकातूनच बुडबुडत होती. मग तीही थांबली.

सुताराने नळाखाली हात धुतले. "जमवलंत की, मध्यस्थ!"

साहेब धावत आला. फरशीकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तिसरी बराक उघडतो. आजच्या आज."

हवालदार हाताला फडकं गुंडाळत होता.

"कशाला, साहेब? चौघंच उरलेत. दोनात भागतं."