खुर्च्यांचे धनी

बेनेदिक्ता मामानी एकदा म्हणाली की म्हणाली. ओरुरोच्या बाजारात जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, विकून तिनं पाच पोरं वाढवली, दोन नवरे पोचवले. गिऱ्हाईकांना टेकायला म्हणून भंगारवाल्या एलेउतेरियोकडून तिनं जुन्या थिएटरच्या चार खुर्च्या आणल्या.

"ला पासच्या मोठ्या नाट्यगृहातल्या आहेत, मावशी," तो म्हणाला होता. "मंत्री बसायचे यांच्यावर."

मृतांचा सण जवळ आला तशी तिला काळजी लागली. त्या दिवशी दुपारी बाराला आत्मे आपापल्या जागी जेवायला येतात. त्यांच्यासाठी माणसाच्या आकृतीचे पाव भाजायचे, नाव घेऊन प्रार्थना करायची. या खुर्च्यांचे धनी आले, तर त्यांना काय उपाशी धाडायचं?

"मंत्र्यांना कसला पाव, आई," सून म्हणाली. "जिवंतपणी पोटभर खाऊन गेलेत ते."

बेनेदिक्तानं खुर्च्या पुसायला काढल्या. उलट्या केल्या, तर खाली वाळलेले हिरवे गोळे. चघळून चिकटवलेला कोकाचा पाला, खाणीतले मजूर तोंडात धरतात तो. तिनं एक बैठक उचकटली, पाठीवरच्या चादरीत बांधली आणि एलेउतेरियोपुढे नेऊन आपटली.

"तुझे मंत्री असले उद्योग करायचे का रे?"

"बरं बाई, खाणीतल्या मजुरांच्या आहेत. सांता रुफिनाचं थिएटर मोडलं, तिथून उचलल्या. ला पास म्हटलं की गिऱ्हाईक भुलतं."

दुसऱ्या दिवशी सुनेच्या हाती पळी देऊन ती बैठकीसकट बसमध्ये चढली. सांता रुफिनाची खाण केव्हाच बंद पडलेली. घरांवर छप्परं नव्हती. पूर्वी थिएटरच्या दारात तिकिटं फाडायची ती सातुर्निना तेवढी उरली होती.

"यावर कोण बसायचं? नावं हवीत मला."

सातुर्निनानं बैठकीवरून हात फिरवला. "तिथं कुणाची जागा ठरलेली होती गं? धावत यायचे. पोचला तो बसला, राहिला तो जमिनीवर."

"मग पाव कुणाच्या नावानं भाजू?"

"सगळ्यांच्या भाज."

"खुर्च्या चारच आहेत."

"भांडतील की. सवय आहे त्यांना."

"थट्टा पुरे. तू सांग, मी पाठ करते. लिहिता येत नाही मला."

सातुर्निना सांगत गेली. कुणाचं आडनाव आठवेना, तर खोकणारा इपोलितो, दोन बायकांचा मेलानियो. येताना बसमध्ये शेजारीण गप्पा मारू लागली, तर बेनेदिक्तानं तिला हातानंच थांबवलं. ओठ घरापर्यंत हलत होते.

सणाला तिनं पिठाची दोन पोती संपवली. खुर्च्यांपुढे पावांचा ढीग पाहून सून म्हणाली, "एवढे मावणार कुठं, आई?"

"ते त्यांचं ते बघतील. तू आपी ओत."

दुपारचे बारा वाजले. बेनेदिक्तानं शाल सारखी केली आणि पहिलं नाव मोठ्यानं घेतलं.