दारावरचा आकडा आणि मागचा आकडा

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतून सकाळी आमची वरात निघाली. पुढे सावंतांचा छोटा ट्रक, मागे त्याला जोडलेलं माझं चाकांवरचं घर. दोन वर्षांचे रविवार खर्ची घालून मी ते आईसाठी बांधलं होतं. पाठीच्या दुखण्यामुळे तिला बसून प्रवास सोसत नव्हता, आणि डोळे मिटण्याआधी देवगडकडचं आमचं गाव तिला पाहायचं होतं. आज मुलुंडपर्यंत चाचणी. ती पार पडली की थेट गाव.

"आकडो बघितल्यात मा?" निघताना सावंतांनी विचारलं.

"बघितला काय, पाठ केलाय!" मी म्हणालो. ट्रकच्या दारावर रंगवलेला वजनाचा मोठा आकडा मला चांगलाच ठाऊक होता. आपलं घर त्यात सहज बसतं, म्हणून मी निर्धास्त होतो. सावंत जरा चमकले, पण त्यांनी गाडी सुरू केली.

पवईला तलावावरून झकास वारा येत होता. मी शीळ घालत होतो, आणि चढ लागताच ट्रकचं पुढचं तोंड हलकं झालं. सावंतांनी कशीबशी गाडी कडेला घेतली.

"स्टेरिंग हातात रवणा नाय! आकड्यार कितको भार टाकलास तो?" रागाच्या भरात ते अहोजाहो विसरले.

आकडा म्हणजे गाडी जोडायचा हुक! अन् मी घराच्या पुढच्या टोकाला, त्याच्याच डोक्यावर पाण्याची टाकी, कडप्प्याचा ओटा आणि पाटा-वरवंटा रचला होता. दारावरचा आकडा दाखवताच सावंतांनी कपाळावर हात मारला.

"ता ट्रकाचा भरलेला वजन. त्यात ट्रक स्वता इलो, आपण इलो, आकड्यावरचो भार पण इलो. ओढूची ताकद येगळी!"

सुटं सामान मागे सरकवून, टपरीवर भजी खाऊन आम्ही हळूहळू मुलुंडच्या काट्यावर (ट्रक तोलायचा वजनकाटा) पोचलो. घर फार जड भरलं. "ह्या घेऊन घाट? मी नाय येवचंय," सावंत म्हणाले. माझी पार वाट लागली.

घरी परतलो तेव्हा आई खिडकीशी उशांना टेकून आमचीच वाट पाहत होती. मी चाचरत सगळं सांगितलं.

"अरे, गावाला ओटा आहे, पाटा आहे, विहीर आहे," ती म्हणाली. "हे सगळं कशाला वाहून नेतोयस? मला फक्त आडवं ने ना."

मला लाज वाटली. दोन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय काय लागेल. सावंतांनी पाना काढला, आणि आम्ही ओटा सोडवायला खाली उतरलो.