साडभाऊंची लांब बाग

जगातली भांडणं होतात ती माणसाला आपली जागा ठरवून न दिल्यामुळे, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडभाऊ, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीत कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर कालवे सुटले, नकाशे सुटले नाहीत. त्यांच्या बालाघाटच्या घरात चपला काढायच्या जागासुद्धा ओसरीवर खडूनं आखलेल्या असतात. पाहुण्यानं भलत्याच चौकोनात जोडा काढला तर ते बोलत काही नाहीत, पण पाण्याचा पेला पुढं करताना नजर जोड्यावर असते. माझ्या लग्नात पंगतीचा नकाशा त्यांनीच काढला होता. वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या माझ्या दोन आत्या त्यात शेजारी-शेजारी आल्या. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "वयानं लावलं, साडभाऊ," ते शांतपणे म्हणाले; मलाही ते साडभाऊच म्हणतात. "रुसवा काई नकाशात दाखवता येत नाई." आत्या जेवल्या, पण एकमेकींकडे पाठ करून.

घराला लागून त्यांच्या वडिलांनी घेऊन ठेवलेली जागा आहे. रुंदी चाळीस फूट आणि लांबी तीनशे, म्हणजे रस्त्यावरून आत जी निघाली ती विहिरीशी जाऊनच थांबली. जागा चौघा भावंडांची सामाईक: एक बहीण, ती रामपायलीला दिलेली, मधला भाऊ खैरलांजीकडे शेती करणारा, धाकटा नागपुरात नोकरीला, आणि आमचे हे सगळ्यांत मोठे. आईवडील गेल्यापासून चौघं भेटायची ती कोणाच्या तरी लग्नातच. ही गोष्ट साडभाऊंना फार लागली होती. म्हणून त्यांनी ठरवलं की या जागेवर सगळ्यांसाठी मिळून एक बाग करायची आणि तिच्यात प्रत्येकाच्या आवडीचा एकेक भाग. रस्त्यालगत बहिणीसाठी पूजेची फुलं. त्यामागं मधल्यासाठी धानाची छोटी बांधी, म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा. "अहो, जन्मभर धान लावणाऱ्या माणसाला पाहुणा आल्यावरही धानच दाखवायचं?" मी विचारलं. "त्याले दुसरं काही पाहाले आवडते काय?" ते म्हणाले. तिसरा भाग स्वतःचा, वांगी आणि भेंडीचा. आणि शेवटी विहिरीजवळ, आंब्याच्या गार सावलीत, धाकट्यासाठी हिरवळ आणि बसायला बाक, कारण लहानपणी त्याला ऊन सोसत नसे. दोन वर्षं ते या बागेत राबले. वांग्याच्या रोपांमधलं अंतर टेपनं मोजायचे, वाफा सोडून उगवलेली भेंडी मुळासकट उचलून रांगेत आणायचे. माझी मेहुणी एकदा वैतागून म्हणाली, "मले कोनता चौकोन देल्ला, तेवढं सांगून द्या." त्यांनी खरोखरच नकाशा उघडून पाहिला.

घात केला तो त्याच नकाशानं. दिवाळीच्या आधी त्यांनी तो सुबक रंगवला, प्रत्येक भागावर ज्याचं त्याचं नाव घातलं, खाली 'सर्वांनी यावे' असं लिहिलं आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"दादा, वाटनी तू एकट्यानंच करून टाकली काय?" तो म्हणाला. "ताईले रोडवरचा तुकडा, अन् मले मागं विहिरीपाशी फेकलं?"

"अरे, तो बगिचा आहे," साडभाऊ म्हणाले.

"मंग नावं काहून लिहिली?"

भांडण होऊ नये म्हणून जन्मभर ते नावंच तर लिहीत आले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिघंही आली, पण बाग पाहायला नाही, जागा मोजायला. आमच्याकडे जागेची वाटणी लांबीतच होते, म्हणजे प्रत्येक हिश्श्याचं तोंड रस्त्याला राहतं. प्रत्येकाला दहा फुटांची पट्टी, रस्त्यापासून थेट विहिरीपर्यंत. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. त्या मोगऱ्यातून गेल्या, धानातून गेल्या, वांग्यांतून गेल्या आणि बाकावरूनही गेल्या. चहा तसाच निवत पडला होता. साडभाऊ आता कोसळतात की काय या धास्तीनं मी त्यांच्या मागं-मागं फिरत होतो. ते मात्र मध्येच थांबून म्हणाले, "टेप ढिला आहे, तीन इंच खाऊन राह्यला," आणि स्वतःच टेपचं टोक धरून ताणायला लागले. मला त्यांचा इतका राग आणि इतकी कीव कधीच आली नव्हती. निघताना धाकट्यानं मागं वळूनही न पाहता सांगितलं, "माह्या हिश्श्याले मले विचारल्याशिवाय हात लावू नको, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साडभाऊंनी पाइप हातात घेतला, नळ बंदच ठेवला आणि रामपायलीला फोन लावला. "बाई, तुह्या पट्टीले पानी देऊ काय?" तिला आधी वाटलं, दादाचं डोकं फिरलं. आठवडाभरात मात्र "हौ, दे" म्हणून झाल्यावर ती अर्धा तास आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागली. मधलाही फोनवर भेंडीच्या किडीवर सल्ले देऊ लागला. धाकटा तेवढा फोन उचलत नव्हता. साडभाऊ रोज रिंग पूर्ण वाजू द्यायचे आणि मग त्याचे दहा फूट सोडून बाकीच्या बागेला पाणी घालायचे. चैत्र लागेपर्यंत ती पट्टी रस्त्यापासून विहिरीपर्यंत करपून गेली.

शेवटी मला राहवेना. "दादा, द्या ना थोडं पाणी. नागपुरातून कोण पाहायला येतंय?"

"त्यानं विचार म्हनलं, साडभाऊ," ते म्हणाले. "न विचारता देल्लं, तं तो मले जे समजते तेच खरं होईन."

मी तिथूनच धाकट्याला माझ्या फोनवरून फोन लावला. माझा नंबर त्याच्याकडे नसावा, कारण त्यानं लगेच उचलला. मी जरा तावातच विचारलं, "तुझ्या पट्टीला पाणी द्यायचं का, एवढंच सांग."

"रोज सातले रिंग येते," तो हळूच म्हणाला. "मी तोपर्यंत आंघोळीले जात नाही." मग म्हणाला, "दे म्हना." मी फोन ठेवणार इतक्यात पुन्हा त्याचा आवाज आला, "अन् उद्या पन विचार म्हना त्याले."

मी निरोप सांगितला. साडभाऊ नळाकडे निघाले होते, ते परत फिरले. "कसं म्हनला तो? उद्या पन?" मी पुन्हा सांगितलं. दुपारपर्यंत ते वाक्य त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं, आणि तिन्ही वेळा पाइप हातात तसाच धरून ऐकून घेतलं.