ह्यांची कावीळ आणि चुन्याची डबी

आमच्या ह्यांना कावीळ झाली, ती ऐन हळद पॉलिश करायच्या आठवड्यात.

हे फौजेतून नुकतेच कायमचे घरी आले होते. लग्नानंतरची सगळी वर्षं मी सुट्टीपुरता नवरा पाहिलेला! त्यामुळे उकडून वाळवलेली हळद घेऊन ड्रम फिरायला लागला, अंगणभर पिवळी धूळ तरंगायला लागली आणि त्यात हे उभे दिसले, की मी चहाचा कप धरून नुसती बघत बसायची. संध्याकाळच्या उन्हात झाड सोनेरी, शेळी सोनेरी, नवरा सोनेरी. स्वप्नच ते. चहा रोज गार व्हायचा.

मग एका सकाळी हे आंघोळ करून आले, तरी पिवळेच!

(मी खंडाळ्याकडची. माझ्या माहेरी हळद म्हणजे फोडणीतली चिमूट. ती माणसाच्या कातडीत मुरते हे मला कुठून ठाऊक? सासूबाईंना ठाऊक होतं, पण त्या शिराळ्याला लेकीकडे गेलेल्या.)

"आवं, भाकरी एकच खाल्ली?"

"दमलोय गं. दिसभर पोती उचलतोय न्हवं."

दमलोय! मी लगेच फोनमध्ये टाकलं: पिवळी कातडी, थकवा, भूक कमी. पहिलं पान एका मोठ्या रुग्णालयाचं निघालं. नुसती अक्षरं, ना चित्र, ना गाणं. असल्या पानावर कोण विश्वास ठेवणार! मी खाली सरकले. तिथे पांढऱ्या कोटातले एक महाराज भेटले. मागे धबधबा, बासरीचे सूर, आवाज असा मऊ की डुलकीच लागावी. ते म्हणाले, "ताई, घाबरू नका," आणि मी घाबरले.

पथ्य सुरू! तेल बंद, तिखट बंद, मीठ बंद. पण फौजी माणूस, ड्रम काही सोडेना. रोज आणखी पिवळे! बिनमिठाच्या पेजेवर दोन-तीन दिवसांत हे उठताना भिंत धरायला लागले.

"बघा, अशक्तपणा! महाराजांनी सांगितलं हुतं!"

"आगं, जेवाय घाल, म्हंजी जाईल!"

"गप बसा. रोग बोलतोय तुमच्या तोंडनं."

मनातून मात्र मी पार खचले होते. आता कुठे माणूस घरी आला होता. तो हातचा जातो की काय?

महाराजांचा पुढचा उपाय असा, की तळहाताला चुना चोळा, कावीळ रंग होऊन बाहेर पडते. (उरलीच तर खाली त्यांचा काढा विकायला होता.) मी सासूबाईंची पानाची चुन्याची डबी आणली, थेंबभर पाणी घेतलं आणि चोळायला लागले. बघता बघता ह्यांचा तळहात लालभडक!

"रगात!" मी किंचाळले.

बर्फात पहारे दिलेला माणूस मटकन खाली बसला. "सुमे, तिकडं गोळ्यांतनं वाचलो गं, आन् हितं दारात जातोय व्हय?"

शेजाऱ्यांच्या गाडीनं कराड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांची पापणी ओढली, पोट दाबलं, खात्रीसाठी रक्तही तपासलं. तोवर मी आठवतील तेवढ्या देवांना नारळ बोलून ठेवले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "घरी हळदीचं काम चाललंय?"

"व्हय."

"आणि चुना तुम्ही चोळलात?"

"व्हय."

"वहिनी, हळदीत चुना घातला की काय होतं?"

मी कपाळावर हात मारला, तो नेमका कुंकवावर! तेही हळद-चुन्याचंच!

"कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते," त्या म्हणाल्या. "ह्यांचे डोळे दुधासारखे आहेत. नेटवर वाचा हो, पण कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, शेवटी काही विकतोय का, तेवढं बघा. आणि शंका आली की इकडे या."

त्या बिनगाण्याच्या पानावर डोळ्यांचं दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. मी तिथवर थांबलेच नव्हते.

घरी येऊन झणझणीत मटण केलं. ह्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लय भारी झालंय गं!" ड्रम आता शेजारच्या अंगणात घरघरत होता, दारातून सोनेरी धूळ आत येत होती, आणि माझा माणूस माझ्यासमोर धडधाकट बसून भाकरी चुरत होता. मला एवढं बरं वाटलं की रडूच यायला लागलं. मग छातीत धडधड, कानशिलं गरम, घास जाईना!

मी पदराआड फोन धरला. या वेळी सगळं नीट तपासलं. लिहिणारी डॉक्टर, मजकूर ताजा, विकायला काही नाही. त्यात लिहिलं होतं, 'असे वारंवार होत असल्यास डॉक्टरांना भेटा.'

वारंवार होतंय हो! पण नवऱ्याकडे बघितलं की होतं, हे त्या डॉक्टरीणबाईंना या वयात कुठल्या तोंडानं सांगू?