ताळेबंदाचा एक मार्क

झुलाल नाना तीन वेळा नापास झाले तेव्हा जळगावात आणि भडगावात जी चर्चा झाली, ती ऐकून मला लोकांचा संताप यायचा. ज्यांनी आयुष्यात मॅट्रिकच्या पलीकडची परीक्षा पाहिली नाही, ते मला सांगत, "पस्तीस टक्के पडले की पास! त्यात काय एवढं?" अहो, सरकारी हिशेबतपासनिसाची पदविका म्हणजे मॅट्रिक नव्हे. सहा पेपर, प्रत्येकी शंभर मार्क. प्रत्येकात चाळीस हवेतच, आणि सहांची बेरीज तीनशे भरायला हवी. म्हणजे सहाही पेपरांत पंचेचाळीस पाडलेला माणूस प्रत्येक विषयात पास आणि परीक्षेत नापास. आदल्या वर्षी जळगाव जिल्ह्यातून आम्ही अकरा जण बसलो होतो, त्यातले दोघे पार झाले. उरलेल्या नवांत मी एक आणि नाना एक.

मी जळगावात बँकेत कारकून होतो. नाना भडगावजवळच्या एका गावात सोसायटीचे सेक्रेटरी. त्याआधी पंधरा वर्षं धरणगावात एका कापसाच्या पेढीवर मुनीम. वय चव्वेचाळीस, डोक्याला काळी टोपी, आणि पावकी-निमकी-औटकीचे पाढे असे पाठ की आम्ही कागद शोधेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. सोसायटीचं दप्तर आरशासारखं स्वच्छ. दरसाल तालुक्याहून पंचविशीतला तपासनीस यायचा, नानांच्या वह्या चाळायचा, चहा प्यायचा आणि खाली लिहायचा, 'तपासले, बरोबर आढळले.' सही त्याची. नाना शाई पुढे करायचे.

ती सही नानांना स्वतःची हवी होती. दुसरं काही नको होतं त्यांना, पगारवाढसुद्धा नको. पण चेअरमननी बजावलं होतं की परीक्षेसाठी ही शेवटची रजा. पंचावन्न सालचा मे महिना म्हणजे नानांचा चौथा आणि अखेरचा डाव.

बाकीचे पाच पेपर नाना काठावर का होईना काढायचे. घोडं अडायचं हिशेबाच्या पेपरावर. एकतीस, चौतीस, तेहेतीस. हिशेबात! माझं तर डोकं चालेना. शेवटी मी त्यांना रतिलाल सरांकडे नेलं. सर जळगावात शिकवत आणि दोन वर्षं त्यांनी या परीक्षेचे पेपर तपासले होते. त्यांनी नानांना एक जुना प्रश्न सोडवायला दिला. नानांनी तासाभरात ताळेबंद मांडला, पैपर्यंत जुळवून.

सर म्हणाले, "उत्तम. हा सोळा मार्कांचा प्रश्न. अर्ध्या तासाचा. तुम्ही एक तास घेतलात, आणि हे आकडे कुठून आले ते कुठेच लिहिलं नाहीत."

"तोंडी करात," नाना म्हणाले.

"मला तुमचं तोंड दिसत नाही, नाना. मला कागद दिसतो. घसारा कसा काढला, त्याचे दोन. बुडीत येण्याची तजवीज, तिचे दोन. असे तुकड्या-तुकड्यांनी पंधरा. पायऱ्या दाखवल्या की ते मिळतात, शेवटी ताळेबंद जुळो न जुळो."

"आनि जुळना तं?"

"जुळण्याचा एक."

नानांनी आपला ताळेबंद पुढे ओढून शेवटच्या बेरजेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मेळ बसाले एकच मार्क? मंग बाकीना पंधरा कसाना?"

सरांनी पुन्हा समजावलं. नानांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. परत येताना ते एवढंच बोलले, "पेढीवर एक पैना फरक ऱ्हायना तं मुनीम उठत नही, भाऊ. मेळ बसस तवयच ताटवर बसस." आणि माझ्या ध्यानात आलं, हा माणूस दरवर्षी पहिल्याच प्रश्नातला फरक शोधत दोन-दोन तास बसत होता आणि उरलेल्यांतले दोन-तीन प्रश्न कोरे ठेवत होता. अडाण्यांनी त्यांना ढ ठरवलं. ढ कसला? सवयीने मारला गेलेला माणूस होता तो.

मग दर रविवारी नाना जळगावला यायचे आणि मी समोर घड्याळ ठेवून बसायचो. अर्धा तास झाला की कागद ओढून घ्यायचा. पहिल्या रविवारी त्यांनी कागद सोडला नाही, तो मधोमध फाटला. दुसऱ्या रविवारी रुसून गाडी गाठायला निघाले. त्यांची बायको भिकुबाई, तिने निरोप धाडला, "भाऊले सांगा, यासले जेवाडीसनच घर पाठाडत जा, तठे उपाशी ऱ्हातस." फरक राहिला की दिवसभर जेवण नाही, हे तिला पंधरा वर्षं पाठ होतं. पण हळूहळू नाना शिकले. पायऱ्या लिहू लागले, अर्ध्या तासाला कळवळून का होईना कागद सोडू लागले.

केंद्र धुळ्याला होतं. आम्ही चाळीसगावहून छोटी गाडी धरली. हिशेबाचा पेपर सकाळी, ऑडिटचा दुपारी, दोन्ही एकाच दिवशी. मधे एक तास. ऊन असं की शाळेच्या पत्र्याखाली माणूस भाजून निघावा.

एक वाजता बाहेर आलो. माझा ताळेबंद काही जुळला नव्हता, पण मी पाचही प्रश्न हाताळले होते. नाना निंबाच्या सावलीत उकिडवे बसले होते. बाजूला फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी, गाठ न सोडलेली. हातात काडी, आणि धुळीत आकडे.

"पाचही प्रश्न केले?" मी विचारलं.

"करात."

मला उडीच मारावीशी वाटली. "मग जेवा की!"

"एक रुपया अकरा आनाना फरक शे. सापडत नही."

"पेपर देऊन झाला, नाना! आता सापडून कोणाला दाखवणार?"

"मी नही खात, भाऊ. तू खाय."

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. पहाटे चारला घोटभर चहावर निघालेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, त्या उन्हात, पुढे तीन तासांचा पेपर. हा आत चक्कर येऊन पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. पंधरा-वीस मिनिटं उरली होती. मग मी केलं ते असं: जरा लांब गेलो, चार परीक्षार्थींशी उगाच बोलल्यासारखं केलं, आणि धावत परत आलो.

"नाना, प्रश्नातच आकडा चुकीचा छापलाय! सगळ्यांनाच एक रुपया अकरा आण्यांचा फरक येतोय. कोणाचाच जुळणार नाही."

नानांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग काडी टाकली, हात झटकले आणि फडक्याची गाठ सोडली. अर्धी भाकरी मला दिली. दोन वाजता आम्ही आत गेलो.

निकालाची कार्डं श्रावणात आली. माझं कार्ड बँकेतच आलं. सहाही विषयांत चाळीसच्या वर आणि बेरीज दोनशे शहाण्णव. चार मार्क! एखाद्या विषयात गचकलो असतो तर बरं वाटलं असतं. हे असं, सगळीकडे पास होऊन नापास होणं, कोणाला सांगायचं तरी कसं?

त्याच दुपारी नाना बँकेत आले, हातात पेढ्यांचा पुडा. हिशेबात त्रेचाळीस, बेरीज तीनशे दोन. त्यांना माझं ठाऊक नव्हतं. मी कार्ड पुढे सरकवलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं, पुडा त्यांनी टेबलाखाली धरला.

आणि मी नीचपणा केला. खरंच केला. इतके रविवार मी घातले आणि पास कोण झालं, तर हे! ती जळजळ तोंडावाटे बाहेर आली. म्हणालो, "नाना, त्या दिवशी प्रश्नात काही चूक नव्हती. मी थाप मारली. तुमचा फरक तुमचाच होता. माझ्या थापेवर भाकरी खाल्लीत म्हणून पास झालात."

मला वाटलं, आता हा माणूस मोडेल.

"माले मालूम व्हतं," नाना म्हणाले. "प्रश्नम्हान्या जमा-नावेन्या दोन्ही बेरजा मी पहिलेच करी दख्या व्हत्या. छापामा काहीच चूक नव्हती."

"मग जेवलात कसे?"

"तुले खोटं बोलता येत नही, भाऊ. तुना कान लाल व्हयी गयथात. तरी माले जेवाडासाठे बोलना. मी भाकर नही खादी ऱ्हाती तं तुनं खोटं बठ्ठं वाया जातं." त्यांनी पुडा माझ्या टेबलावर ठेवला. "आते मी जठे जठे 'बरोबर आढळले' लिखसू, तठे तठे तुनं खोटं माले याद येई."

मान खाली घालूनच मी पुड्याची दोरी सोडली आणि अर्धा पेढा मोडून त्यांच्यापुढे धरला.