बीकनची बॅटरी

चहा घ्या आधी. आणि ऐकून झाल्यावर वृंदाकडे बघून हसायचं नाही हं, बायको अजून पुरती शांत झालेली नाही. गाढवपणा माझाच आहे. साधासुधा नव्हे, जिवावर बेतणारा!

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं एटोबिकोच्या घरून रॉकीजच्या बर्फाळ डोंगरांत भटकायला गेलो. बर्फ म्हणजे घरापुढचा ड्राइव्हवे फावड्यानं शोव्हल करायचा, एवढाच माझा अनुभव. पण पुण्यात दर रविवारी सिंहगड चढलेला माणूस कुणाचं ऐकतो का?

आमचा गाइड ब्रेंडन मात्र भलताच गंभीर. सकाळी पार्किंगमध्येच त्यानं आमच्या छातीवर एकेक बीकन बांधलं. मोबाइलएवढं यंत्र, सारखं सिग्नल सोडत राहतं. तुम्ही बर्फाखाली गाडले गेलात, की बाकीचे आपल्या यंत्रावर तो सिग्नल पकडून तुम्हाला शोधतात.

त्यानं बजावलं, या दिवसांतला बर्फ उन्हानं ओला होतो, जड होतो आणि सुटतो. बाराच्या आत परत यायचं. उतार एकेकट्यानं ओलांडायचा. आणि गाडीत बसेपर्यंत बीकन बंद करायचं नाही!

मी मान डोलावली. डोलवायला काय जातं?

दहाच्या सुमारास चहाला थांबलो. ऊन चटकत होतं, म्हणून जॅकेट उघडलं, तर बीकनचा दिवा आपला लुकलुकतोय. आता खरं सांगा, तुमच्या घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला तर काय व्हायचं? माझे वडील त्यासाठी दोन जिने चढून यायचे! इथे कुणी गाडलं गेलेलं नाही आणि यंत्र चालू? ऐन वेळी बॅटरी संपली म्हणजे?

मी माझं बंद केलं. मग पट्टा नीट करतो म्हणत वृंदाचंही केलं. ब्रेंडन तेव्हा दुर्बिणीतून वरचा बर्फ बघत होता.

परतताना एक उघडा उतार लागला. "शी गोज फर्स्ट. वी वॉच," ब्रेंडन म्हणाला. वृंदा निघाली. पलीकडची झाडं हाकेच्या अंतरावर आली असतील, तेवढ्यात वर कुठेतरी 'धप्प' झालं.

अख्खा उतारच चालायला लागला हो! आवाज असा, की पोटात जाऊन बसला. पांढरा धुरळा उडाला. खाली बसला तेव्हा समोर बर्फाचे ढिगारे होते आणि वृंदा नव्हती.

"वृंदाऽऽ!" मी किंचाळलो.

"स्विच टू सर्च!" ब्रेंडन ओरडला. कसला सर्च? जे शोधायचं तेच मी स्वतःच्या हातानं बंद केलेलं!

"ब्रेंडन, हर्स इज ऑफ. मी... आय टर्न्ड इट ऑफ."

"यू व्हॉट?"

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तरीही तो यंत्र पुढे धरून धावला. मी मागे. पाय मांडीपर्यंत रुततायत, तोंडानं अथर्वशीर्ष सुरू, तेही मधूनच. मी माझ्या बायकोला मारलं, एवढं एकच डोक्यात होतं.

आणि ब्रेंडनचं यंत्र वाजलं! चाळीस मीटर. तीस. बारा. एका जाड झाडामागे वृंदा कमरेपर्यंत बर्फात रुतलेली, धाप लागलेली, पण जिवंत! मी तिथेच बसून ढसाढसा रडलो.

"अगं, पण तुझं बीकन तर..."

"परत ऑन केलं होतं मी!" ती धापा टाकत म्हणाली. "मी वॉशरूममध्ये असताना बाहेरून लाइट बंद करणारा माणूस तू! तू हात लावलास की मी सगळं चेक करते. ब्रेंडनसमोर शोभा नको म्हणून गप्प बसले."

"मग माझंही का नाही लावलंस?"

"तुझं? तू जन्मात कधी स्वतःचा लाइट बंद केलायस?" मग एकदम तिनं माझं जॅकेट घट्ट धरलं. "म्हणजे तू खाली गेला असतास, तर मी कशानं शोधणार होते रे तुला?"

ब्रेंडननं माझं बीकन काढून घेतलं, चालू केलं, आकडा पाहिला आणि थंडपणे म्हणाला,

"नाइंटी-नाइन पर्सेंट. यू वुड हॅव डाइड विथ अ ग्रेट बॅटरी, सर."